फेरी बाईंपाशी येऊन थांबायची

आदरणीय अध्यक्ष, ज्यांनी या बंदराचा कारभार इतकी वर्षं सांभाळला. प्रमुख पाहुणे म्हणून आलेले आणि एरवी आम्हा सगळ्यांचे कान तपासणारे डॉक्टर. आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या बाई. व्यासपीठावर बसायला नकार देऊन पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची धरून बसलेले बाईंचे यजमान, म्हणजे आमचे बोटवाले काका. आणि लांबून लांबून आलेले बाईंचे नवे-जुने विद्यार्थी, त्यांचे घरचे, शेजारी, मित्रमंडळी.

सगळ्यांना माझा नमस्कार.

संयोजकांनी मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. थोडक्यात बोलणं मी बाईंकडूनच शिकले. पाण्याखाली त्या हातांनी बोलतात आणि तिथेही पाल्हाळ लावत नाहीत. खालच्या मजल्यावरून जो घरघर आवाज येतो आहे तो हवेच्या टाक्या भरण्याचा आहे. मघाशी कुणीतरी तो बंद करायला निघालं होतं, मीच थांबवलं. हा आवाज नसला की बाईंना करमत नाही.

आधी माझी ओळख. गेल्या हंगामापासून या डायव्हिंग शाळेची जबाबदारी माझ्याकडे आहे. त्याआधी मी बाईंच्या हाताखाली शिकवत होते आणि त्याआधी त्यांच्याकडे शिकत होते. शिकायला आले तेव्हा मात्र मला शिकायचंच नव्हतं. मला जहाज पाहायचं होतं.

सभागृहात पाण्यात न उतरणारी मंडळीही बरीच आहेत, त्यांच्यासाठी सांगते. आपल्या बंदरापासून बोटीने निघालं की मोकळ्या समुद्रात एके ठिकाणी एक जुनं मालवाहू जहाज तळाशी पडलं आहे. पाणी खोल आहे, गार आहे, आणि त्याला ओढ आहे. खाली जाताना नांगराचा दोर तेवढा दिसतो. दोर सोडला की खालचं दिसत नाही, वरचंही दिसत नाही. मग एकदम डेक समोर येतो. ज्याने ते पाहिलं तो पुन्हा जायचं म्हणतो, आणि ज्याने पाहिलं नाही तो पाहिलेल्यांचं ऐकून वेडा होतो.

मी अशीच वेडी होऊन माझ्या दादाबरोबर इथे आले होते. दादा तिसऱ्या रांगेत बसला आहे, आणि हसतो आहे, कारण पुढे काय येणार ते त्याला माहीत आहे. माझ्याकडे डायव्हिंग शिकल्याचं कार्ड होतं. मी ते टेबलावर ठेवलं. बाईंनी त्याकडे पाहिलंही नाही. त्या एका मास्कचा पट्टा बदलत होत्या. मी आपणहून सांगितलं की माझ्या पुष्कळ डाईव्ह झाल्या आहेत. कुठे, असं त्यांनी विचारलं. मी हॉटेलजवळच्या एका निळ्या, उबदार, पायाला वाळू लागेल अशा खाडीचं नाव सांगितलं. सगळ्या तिथेच? हो, सगळ्या तिथेच.

बाई म्हणाल्या, "म्हणजे तुझी एकच डाईव्ह झाली आहे. ती तू पुन्हा पुन्हा केलीस."

दादा तेव्हाही असाच हसला होता.

मला राग आला. राग यायला हरकत नव्हती, कारण बोलणं खरं होतं. त्या हंगामात बाईंनी मला जहाजाच्या आसपासही फिरकू दिलं नाही. आधी गार पाणी दाखवलं. मग गढूळ पाणी, जिथे स्वतःचा पंजा दिसत नाही. मग हलत्या बोटीवरून पाठमोरं पडायला शिकवलं. मग हलक्या ओढीच्या जागी नेलं आणि ओढीविरुद्ध पोहायला लावलं. माझी हवा किती लवकर संपते ते मला कळलं, आणि मी गप्प झाले. प्रत्येक वेळी एकच नवी गोष्ट. दोन नव्या गोष्टी एकाच दिवशी त्यांनी कधी येऊ दिल्या नाहीत. पाणी गार असेल तर ते उथळ असायचं, पाणी खोल असेल तर ते स्वच्छ असायचं. मी एकदा विचारलं की एवढं सावकाश कशासाठी? त्यांनी सांगितलं की माणूस एका अडचणीत विचार करू शकतो. दोन अडचणी एकदम आल्या की तो फक्त वर बघतो.

अध्यक्षमहाराज, मला वाटतं हे वाक्य समुद्रापुरतं नाही. पण बाईंना असं म्हटलेलं आवडत नाही. त्या लगेच म्हणतात, मी पाण्याबद्दल बोलतेय, तू कशाला घराबद्दल बोलतेस?

तर, बाईंची फेरी.

बोटीवर आम्ही दोन्ही बाजूंच्या बाकांवर समोरासमोर बसतो. मधे टाक्या उभ्या बांधलेल्या. जहाजावर किंवा तसल्याच कुठल्या अवघड जागी जायचं असलं, की इंजिन मंद व्हायच्या आधी ही फेरी होते. बाई आपल्या डावीकडच्या माणसाला तीन गोष्टी विचारतात. अशा पाण्यात शेवटचं कधी गेलास? तिथे काय बिघडलं होतं? आणि आज कोणासाठी चालला आहेस? तो उत्तरं देतो. मग बाई एक तर 'चल' म्हणतात, नाही तर 'आज नको' म्हणतात. वाद नाही. चल म्हटलेल्या माणसाने आपल्या डावीकडच्याला हेच विचारायचं, आणि निर्णयही त्यानेच सांगायचा. स्वतःचं स्वतः ठरवायची मुभा कोणालाच नाही. बाईंचं म्हणणं असं की आपण आपल्याबद्दल नेहमी कालचं बोलतो, शेजारी मात्र आजचं बघतो.

पहिला प्रश्न सोपा वाटतो. तो सर्वात अवघड आहे, कारण त्यात 'अशा' हा शब्द आहे. कधीतरी खोल गेलो होतो, हे उत्तर चालत नाही. तिथे ओढ होती का? गारठा असाच होता का? आणि त्याला किती काळ लोटला? अनुभव शिळा होतो, हे बाईंचं मत. तो फेकायचा नसतो, पण गरम केल्याशिवाय वाढायचा नसतो.

दुसऱ्या प्रश्नाचा एक बळी इथे बसला आहे. नाव घेत नाही, पेशाने सर्जन आहेत, आणि शेजारी त्यांची बायको बसली आहे. त्या दिवशी दोघं जहाजासाठी आले होते. बायको जरा बिचकत होती, हे तिला धीर देत होते. फेरीत तिने यांना विचारलं की काय बिघडलं होतं. यांनी छाती पुढे काढून सांगितलं की माझं पाण्याखाली आजवर कधीच काही बिघडलेलं नाही. सगळी बोट बाईंकडे बघायला लागली. पण निर्णय बायकोने द्यायचा होता. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "अहो, मग बिघडलं तर तुम्ही काय करता ते मला माहीतच नाही. आज नको." स्वतः ती गेली. तिचं एकदा हवा घ्यायचं रेग्युलेटर तोंडातून निसटलं होतं आणि तिने ते शांतपणे परत घेतलं होतं, हे तिने सांगितलं म्हणून तिला 'चल' मिळालं होतं. सर्जनसाहेब बोटीवर काकांबरोबर बसून राहिले. सर, तुम्ही आजही सर्दी झाली होती असं सांगता. आम्ही मानतो.

तिसरा प्रश्न काही जणांना खाजगी वाटतो. आज कोणासाठी? नवऱ्यासाठी, मित्रांसाठी, फोटोसाठी, लांबून आलो आहोत म्हणून. या सगळ्या उत्तरांवर 'आज नको'. उत्तरात दुसऱ्या कुणाचं नाव आलं की माणूस बोटीवर थांबतो. बाई म्हणतात, खाली गेल्यावर ज्याला वर यावंसं वाटेल पण लाज वाटेल, त्याला आधीच वर ठेवलेला बरा.

आता मी ज्या विषयाकडे यायला कचरते आहे त्याकडे येते. आज दुपारच्या जेवणात मी ज्या टेबलाशी गेले तिथलं बोलणं थांबत होतं. सकाळी बोटीवर काय झालं याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या फिरत आहेत. कोणी म्हणतं बाईंना बरं वाटत नव्हतं. कोणी म्हणतं नव्या मॅडमनी निरोपाच्या दिवशीच गुरूला चारचौघांत पाणउतारा करून बसवलं. बोटीवर थोडेच जण होते, बाकीचे तुम्ही धक्क्यावर हार-तुरे घेऊन उभे होतात. तेव्हा मी सांगते. बाईंची परवानगी घेतली आहे. त्यांनी मान हलवली होती, अगदी थोडी, पण हलवली होती.

तुम्हाला माहीत आहे की दोन हंगामांपूर्वी बाई पडल्या. समुद्रात नाही, धक्क्याच्या ओल्या पायरीवर. खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं. आयुष्यभर पाण्यात ज्यांचा तोल गेला नाही त्यांचा तो जमिनीवर गेला, असं त्या स्वतःच सांगत होत्या आणि भेटायला आलेल्यांना हसवत होत्या. काठी सुटली. मग पोहण्याच्या तलावाकाठी स्टूल टाकून त्या नवख्यांना शिकवू लागल्या. मग इथल्या उथळ खाडीत उतरल्या. डॉक्टरांनी पाण्यात जायला हरकत नाही असं सांगितलं. डॉक्टर, तुमच्यावर काही नाही. पाण्यात जायला हरकत नाही, एवढंच तुम्ही म्हणालात. कुठल्या पाण्यात, हे तुम्ही म्हणाला नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

मग या निरोपाची तयारी सुरू झाली. बाईंना काय द्यायचं? वकीलसाहेबांनी सुचवलं की त्यांना शेवटचं जहाजावर न्यायचं. वकीलसाहेब हे आमच्यातले सर्वात जुने विद्यार्थी, त्यामुळे त्यांचं सुचवणं म्हणजे ठरावच. सगळ्यांना कल्पना आवडली. मलाही आवडली. तुम्ही रजा काढल्यात, तिकिटं काढलीत, जुने सूट पोटावर बसत नाहीत म्हणून नवे शिवलेत. आणि आम्ही सगळे, ज्यांचं पोट दुसऱ्याची योग्यता तपासण्यावर चालतं, त्यातल्या एकालाही बाईंबद्दल ते तीन प्रश्न सुचले नाहीत.

का सुचले नाहीत, ते मला आज सकाळी बोटीवर समजलं.

फेरी बाईंपासून सुरू होते. डावीकडून डावीकडे जात ती बोटभर फिरते आणि शेवटच्या माणसाशी येते. तो बाईंच्या उजवीकडे बसलेला असतो. त्याला त्याच्या शेजारच्याने विचारलेलं असतं. आता त्याच्या डावीकडे कोण? बाई. तो बाईंकडे वळतो आणि तेवढ्यात बाई उठतात आणि म्हणतात, "चला, मास्क." इतकी वर्षं हे असंच चाललं. कोणी ठरवलं नव्हतं. विचारणारीला कोण विचारणार? फेरी बाईंपाशी येऊन थांबायची, आणि आम्हाला ती पूर्ण झाल्यासारखी वाटायची.

पाण्यात जोडीजोडीने उतरायचं असतं. आज मी बाईंची जोडीदार होते, म्हणून त्यांच्या उजवीकडे बसले होते. मला विचारून झालं. मी बाईंकडे वळले. त्या उठत होत्या. उठताना त्यांनी बाकाचा आधार घेतला, आणि माझी नजर त्यांच्या कंबरेच्या पट्ट्यावर गेली. खाली जाता यावं म्हणून लावतात ते शिशाचं वजन त्यांनी पूर्वी लावायच्या तेवढंच लावलं होतं. आजारपणात बाई वाळल्या आहेत. सूट पाठीवर चुण्या पडून लोंबत होता. पूर्वीच्या बाईंना ते वजन बरोबर होतं, आताच्या बाईंना ते जास्त होतं. त्यांनी माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला असं पाहिलं असतं तर धक्क्यावरच परत पाठवलं असतं.

मी म्हणाले, "बाई, फेरी झाली नाही."

त्या अर्धवट उभ्या होत्या. त्यांना वाटलं कोणी राहिलं. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "कोण राहिलं?"

मी त्यांच्याकडेच बघत राहिले. काकांना मात्र कळलं. त्यांनी इंजिन खाली आणलं. वकीलसाहेब हसून म्हणाले की अगं, बाईंना काय विचारतेस, जहाज त्यांनीच आपल्याला दाखवलं. त्यांचं बरोबर होतं. सगळे हसले. मला वाटलं की आपणही हसावं आणि मास्क उचलावा. एवढंच करायचं होतं. दिवस त्यांचा होता, समारंभ त्यांचा होता, आणि मी कालची पोर.

बाई बसल्या. म्हणाल्या, "विचार."

मी विचारलं की अशा पाण्यात शेवटचं कधी गेलात? त्या म्हणाल्या, पडायच्या आधी. त्यानंतर? तलाव. आणि खाडी, तीही शांत असताना. त्यांनी हे हिशेब दिल्यासारखं सांगितलं नाही. आपणच पहिल्यांदा ऐकत असल्यासारखं सांगितलं.

मी दुसरा प्रश्न विचारला. काय बिघडलं होतं?  त्या म्हणाल्या की खाडीत गेल्या खेपेला डाव्या पायात गोळा आला. पायातलं फिन मारता येईना. उभं राहायला तळ होता म्हणून कोणाला कळलं नाही.

सुकाणूपाशी काका मागे वळले. "मला नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोट चालवता," बाई म्हणाल्या. "म्हटलं तुमचं लक्ष बोटीत राहू दे."

"घरात मी बोट चालवत नाही," काका म्हणाले.

यावर कोणीच हसलं नाही. आता हसायला हरकत नाही, काकाही हसताहेत.

तिसरा प्रश्न राहिला होता. मी त्यांच्या पट्ट्याकडे बघत होते. त्यांनीच म्हटलं, "पुढे?" मी विचारलं की आज कोणासाठी चालला आहात, बाई?

त्यांनी समोरच्या बाकाकडे पाहिलं. तिथे बसलेल्यांत कोणी पांढऱ्या केसांचे होते, कोणी लेकुरवाळे, सगळे सूट चढवून, मांडीवर मास्क घेऊन, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे. आणि बाई सवयीने खरं बोलून गेल्या.

"तुम्ही सगळे इतक्या लांबून आलात ना," त्या म्हणाल्या.

बोलल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो. आम्हालाही कळलं. हे उत्तर त्यांनी आम्हा प्रत्येकाकडून कधी ना कधी ऐकलं होतं आणि प्रत्येकाला बोटीवर बसवलं होतं. 

मी म्हणाले, "आज नको, बाई."

माझा आवाज बरोबर लागला नाही. पण शब्द सगळे लागले.

"कशावरून?" बाईंनी विचारलं. हीही त्यांचीच शिकवण. वाटतं म्हणून असं कारण त्या चालवून घेत नाहीत. मी सांगितलं. पट्ट्याचं वजन जुनं आहे. सूट सैल आहे, त्यात गार पाणी शिरत राहील आणि गारठ्याने पाय पुन्हा धरेल. पाय धरला तर ओढीत दोरापर्यंत येता येणार नाही. खाली तळावर उभं राहता येणार नाही. आणि तुम्ही आमच्यासाठी चालला आहात, म्हणजे त्रास झाला तरी लवकर सांगणार नाही.

वकीलसाहेब मधे पडले. मनापासून पडले, हे मी मुद्दाम सांगते. ते म्हणाले की एवढे सगळे आहोत, बाईंच्या चारी बाजूंनी राहू, हात धरून नेऊ आणि हात धरून आणू, कोणाच्या बापाची हिंमत आहे?  उत्तर बाईंनी दिलं.

"मला धरून न्यायला एवढी माणसं लागत असतील तर ती डाईव्ह नाही रे. ती वरात आहे."

आणि त्यांनी पट्टा सोडला. शिसं बोटीच्या फळीवर आपटलं. तो आवाज मला आवडला नाही. अजूनही आवडत नाही.

मग सगळेच पट्टे सोडायला लागले. बाई नाहीत तर आम्हीही नाही. तेव्हा बाई चिडल्या. तुमचं पाणी आहे, तुम्हाला चल मिळालेलं आहे, तुम्ही माझं सुतक पाळू नका, असं त्यांनी सुनावलं. कोणीतरी रडवेलं होऊन म्हणालं की पण आज शेवटचं होतं ना. काकांनी सुकाणूवरून सांगितलं, "अरे, जहाज कुठे पळून चाललंय? बुडालंय ते. तेव्हापासून जागचं हललेलं नाही." शेवटी मंडळी गेली. जोडीदार थांबला की आपण थांबायचं, हा नियम आहे, म्हणून मी थांबले. तेवढ्या नियमासाठी मी आज बाईंची आभारी आहे.

बोटीवर आम्ही तिघं उरलो. काकांनी थर्मासमधला चहा ओतला. बाई पाठ करून पाण्याकडे बघत बसल्या होत्या. वर येणाऱ्या बुडबुड्यांवरून खाली कोण कुठे आहे ते त्यांना कळतं. हे दोघं घाईत आहेत, ती छान संथ चालली आहे, तो बघ, खालीही बोलतोय, तो वकील. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मग त्यांनी न वळता विचारलं, "तुला भीती वाटत होती?"

मी हो म्हणाले.

"कसली?"

"तुम्ही रागवाल याची."

"रागावलेच आहे," बाई म्हणाल्या. "राग आला म्हणून तुझं चुकलं असं होत नाही. चुकलं नाही म्हणून राग जातो असंही होत नाही. दोन्ही राहू दे. चहा घे."

मी चहा घेतला. तो गार झाला होता. काकांनी सुकाणूकडे तोंड केलं आणि बराच वेळ केलेलंच ठेवलं.

मंडळी वर आली ती दमून आली. ओढ सांगितली होती त्याहून जास्त होती. वकीलसाहेब शिडीच्या खालच्या पायरीवर बसून राहिले आणि थोडा वेळ एक शब्द बोलले नाहीत, हे आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. पण मंडळी, हे मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून सांगत नाही. समुद्र तळ्यासारखा शांत निघाला असता तरी 'आज नको' ते 'आज नको'च राहिलं असतं. उतरायचं की नाही हे वर असताना जे माहीत आहे त्यावर ठरतं. खाली काय सापडलं त्यावर नाही. हेही मी बाईंकडूनच शिकले, पण आज प्रथमच ते मला बाईंना सांगावं लागलं असतं. सांगावं लागलं नाही. त्यांना पाठ होतं.

पाणउतारा झाला का? मी दिवसभर हा विचार केला आहे. मला असं वाटतं की इतकी वर्षं आम्ही बाईंना जो मान दिला त्यात थोडा निष्काळजीपणाही होता. आम्ही त्यांना आमच्यात धरतच नव्हतो. प्रत्येकाला विचारणारं कोणीतरी होतं, ज्याला आपल्या पायातला गोळा सांगता आला असता. बाईंना तेवढं कोणी नव्हतं. त्या घरीही बोलल्या नाहीत. माणूस इतका मोठा करून ठेवायचा की त्याला दुखतं म्हणायला जागा उरू नये, याला आदर म्हणावं का, हे मला ठाऊक नाही. अध्यक्षांनी त्यांच्या भाषणात सांगावं.

यापुढे बोटीवर फेरी पूर्ण होईल. मी शाळेची प्रमुख असले तरी शेवटचा माणूस मला विचारेल, आणि नको म्हणाला तर मी बसेन. हे मी सगळ्यांसमोर बोलते आहे, म्हणजे मला विसरता येणार नाही.

आता आभार. सभागृह दिल्याबद्दल बोट क्लबचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे, माइक अधूनमधून चालू ठेवल्याबद्दल माइकवाल्यांचे. डॉक्टरांचे, की त्यांनी माझ्याकडे एकदाच रोखून पाहिलं. वकीलसाहेबांचे, की शिडीवरून वर आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. थोडी जोरात होती. आणि काकांचे. काका, तुमच्याबद्दल बोलायला मला वेगळी सभा लागेल.

एक निवेदन मात्र संयोजकांच्या पत्रिकेत नाही, ते माझं आहे. पत्रिकेवर 'निरोप समारंभ' असं छापलं आहे. बाई शिकवण्यातून निवृत्त होत आहेत, हे खरं. पण मघाशी या सभागृहाचा जिना चढताना त्या मधल्या वळणावर थांबल्या. मला वाटलं पाय दुखतो आहे. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, आणि सरळ विचारलं की उद्या सकाळच्या खाडीतल्या वर्गात एक जागा आहे का. मी म्हणाले, तो तर नवख्यांचा वर्ग आहे. त्या म्हणाल्या, "म्हणूनच विचारतेय. खाडी, मग गार पाणी, मग जरा ओढ. एकेक. वजन तू लाव. आणि या खेपेला मी माझ्यासाठी येतेय, तेव्हा तुझा तिसरा प्रश्न विचारायचा वाचला."

मी त्यांना जागा दिली आहे. जहाजाचं म्हणाल तर पुढच्या हंगामात, की त्याच्या पुढच्या, की कधीच नाही, ते आम्ही दोघी पाण्यात बघून ठरवू. तेव्हा निरोपाचे हार तुम्ही जरूर घाला, पण उद्या सकाळी त्या लवकर उठणार आहेत, त्यांना फार वेळ थांबवू नका.

बोलण्याच्या ओघात कमी-जास्त झालं असेल, मान्यवरांचा क्रम चुकला असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर इथल्या सगळ्यांनी मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. बाईंना वेगळी विनंती आहे. माझं जे काही चुकलं असेल ते त्यांनी मला उद्या, वर्ग संपून आपण काठावर आल्यावर, हवं तितकं सुनावावं. पाण्यात असेपर्यंत मात्र त्यांनी माझं ऐकायचं आहे.